रागातला चावा

९ जानेवारी

प्रिय चिमटे,

तुझं पत्र मिळालं. कवळ्यांच्या वर्कशॉपला तिसरी खोली जोडलीस, दोन मुली हाताखाली ठेवल्यास, वाचून आनंद झाला. मी बाबांना वाचून दाखवणार होतो, पण त्यांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं, दोनदा वाचलं आणि खिशात घातलं. मी शिकायला परगावी होतो तेव्हा माझी पत्रं चहाच्या कपाखाली जायची. टेबलावर डाग पडू नये म्हणून. असो.

इकडची बातमी अशी की बाबांचे उरलेले चार दातही गेल्या आठवड्यात काढले. पन्नास वर्षं ज्यांनी लोकांना कवळ्या करून दिल्या त्यांचंच आता बोळकं झालंय. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी काढले. बाबांनी हूं की चूं केलं नाही. पण त्या दिवसापासून तोंडापुढे रुमाल धरून बसतात आणि जेवण आपल्या खोलीत, दार लोटून. माझ्यावर कशाचा तरी राग असणार. विचारलं तर भिंतीकडे बघतात. तुझी वहिनी म्हणते, हळवे झालेत. मला काही ते हळवेपण वाटत नाही.

हिरड्या भरल्या की त्यांची कवळी मीच करणार. दुसरं कोण करणार? तू गेल्याला अकरा वर्षं झाली, या टेबलाशी मी एकटाच आहे. आपली पद्धत तुला ठाऊकच आहे. डॉक्टर हिरड्यांचे साचे घेतात आणि माणूस वर आपल्याकडे पाठवतात, वरचा जबडा खालच्यावर नेमका कुठे मिटतो तो चावा मेणाच्या पट्टीवर उतरवून घ्यायला. तो चावा अजून बाबांनीच घेतलेला लोकांना हवा असतो. मी घेतला तर विचारतात, मोठे साहेब नाहीत का? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही खोटं नाही. असो.

बाबांना सांगितलं मी करतो म्हणून. काही बोलले नाहीत, म्हणजे होकारच. तू काळजी करू नकोस आणि कामं टाकून इकडे धावून येऊ नकोस.

तुझा
दादा


१७ जानेवारी

दादा,

तुझ्या पत्रात दोनदा ‘असो’ आलंय. तू ‘असो’ लिहितोस तेव्हा काहीतरी नक्की असतं, एवढं मला मामांच्या घरात तुझ्यासोबत नऊ वर्षं राहून कळलंय.

मी फोन केला होता. तू ‘सगळं ठीक’ म्हणून ठेवून दिलास. मामांना दे म्हटलं तर झोपलेत म्हणालास, सकाळी अकरा वाजता. मामा सकाळी अकराला झोपले असतील तर मी म्हणे राणी आहे. त्यांनी माझी काही आठवण काढली का? मला बोलावलं का? उरलेले दात काढून घेतले आणि एक निरोप नाही, हे मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू.

कवळी तू करतोयस ते छान. एकच सांगते, रागावू नकोस. मामांना ‘तोंड मिटा’ म्हणालास की ते खालचा जबडा पुढे काढतात. हट्टी माणसं काढतातच. त्यांना बोलण्यात गुंतव, आवंढा गिळू दे, मग आपोआप मिटतील. आपल्याला शिकवायचे ना, माणूस विसरला पाहिजे की त्याला जबडा आहे.

सोबत एक डबी पाठवतेय. मामांच्या जुन्या दातांच्या रंगाचे अठ्ठावीस दात आहेत. रंग आठवणीने जुळवलाय. वरचा डावा सुळा त्यांचा जरा पिवळा होता, तो तसाच ठेवलाय. वापरायचे तर वापर.

हवं तर मी दोन दिवस येते. एका शब्दात कळव.

चिमटी


२ फेब्रुवारी

प्रिय चिमटे,

येण्याची गरज नाही. कवळी झालीसुद्धा. चपखल बसली आहे. बाबा खूश आहेत.

तुझ्या सूचनेबद्दल आभारी आहे. मला हे काम करताना सव्वीस वर्षं होतील या वर्षी. हट्टी माणसाचा चावा कसा घ्यायचा हे मला परगावहून कोणी कळवलं नसतं तरी चाललं असतं. तुझ्या हाताखालच्या मुलींना शिकवायला या गोष्टी उपयोगी पडतील.

डबी मिळाली, पण तोवर मी दुसरे दात बसवले होते. तुझे ठेवून दिलेत. पिवळा सुळा कशाला हवा? कवळीच करायची तर निदान एकसारखी दिसू दे.

आठवण म्हणशील तर बाबा कोणाचीच काढत नाहीत हल्ली. वय झालं. मनावर घेऊ नकोस.

दादा


१० फेब्रुवारी

दादा,

बरं बाबा, सूचना परत घेतली. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतील हे लिहितानाच कळत होतं, तरी लिहिलं.

फक्त एवढंच सांग, मामा कडक टोस्ट खातात का? चहात न बुडवता? ते कुरकुर आवाज करत टोस्ट खायला लागले की मी समजेन सगळं ठीक आहे.

चिमटी


१४ मार्च

प्रिय चिमटे,

उत्तराला उशीर झाला. कामाची गर्दी होती.

खातात सगळं. प्रकृती वयाच्या मानाने ठीक. तुझी वहिनी आठवण काढते.

दादा


२९ मार्च

पोरी,

मी हे स्वतः लिहितो आहे. फोनवर माझं बोलणं फसफसतं, समोरच्याला कळत नाही. पत्र खालच्या डॉक्टरांकडे टाकायला देईन.

तुला तीन निरोप पाठवले. एक दात काढायच्या आधी, एक नंतर, एक कवळी बसवली त्या दिवशी. तू आली नाहीस. तुझी कामं वाढली आहेत, मला समजतं. तरी एकदा विचारून घेतो. तू रागावलीस का माझ्यावर?

कवळी पाण्याच्या ग्लासात असते. मी पाव दुधात कालवून खातो. सहा किलो उतरलो. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर हिरड्या आणखी बसतील आणि मग कोणतीच कवळी धरणार नाही. तुझा दादा विचारतो कुठे बोचतं. सांगायचं तर तोंड उघडावं लागतं. मी या पोराला आरशासमोर स्टुलावर उभं करून दात घासायला शिकवलं. त्याच्यापुढे मला हे बोळकं उघडवत नाही. लोकांची हजारो बोळकी पाहिली, माणूस कसा दिसतो ते मला माहीत आहे.

तुझ्यापुढे चालेल. तुझा हात चांगला आहे आणि तू काही पोटची नाहीस. ये.

हे त्याला कळू देऊ नकोस.

मामा


३ एप्रिल

दादा,

मामांचं पत्र आलं. तीन निरोप दिले म्हणतात. कुठे गेले ते?

मला आता ‘वयाच्या मानाने ठीक’ नको. खरं लिही. सहा किलो, दादा.


८ एप्रिल

चिमटे,

निरोप माझ्याकडेच आहेत. पोचवले नाहीत.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितोय. पहिल्यात कामाची गर्दी होती म्हणून लिहिलं. दुसऱ्यात तुझ्या भल्यासाठी, तुला धावपळ नको म्हणून. तिसऱ्यात तुझ्यावरच उलटलो. तिन्ही वाचून पाहिली आणि माझी मलाच लाज वाटली. तेव्हा आता सरळ लिहितो. मला तुझा हेवा वाटतो. आजकालचा नाही. तू आत्या गेल्यावर चौदाव्या वर्षी एक पेटी घेऊन आमच्याकडे आलीस आणि महिन्याभरात चिमट्याने मेणात दात रोवायला लागलीस, तेव्हापासूनचा. नावच चिमटी पडलं. कानामागून आलीस आणि तिखट झालीस.

तुला आठवणार नाही, पण मला आठवतं. तुझी पहिली पूर्ण कवळी. तू सोळा वर्षांची. बाबांनी तिच्या कडेवरून बोट फिरवलं, एक शब्द न बोलता ती खोक्यात ठेवली आणि खोकं पाठवून दिलं. माझ्या कवळीवरून बोट फिरवलं की ते कानस मागायचे. आजही मागतात. सव्वीस वर्षं झाली, माझ्या कामावर त्यांची कानस फिरली नाही असा दिवस नाही. तू निघून गेलीस तेव्हा मी स्टेशनवर रडलो ते तुला खरं वाटलं असेल. थोडं खरं होतंही. पण घरी येताना मी शीळ घालत होतो.

आता निरोपांचं. पहिला दिला तेव्हा मी साचे घासत होतो. बाबा म्हणाले, तिला बोलाव, माझा चावा ती घेईल. मी हो म्हटलं आणि घासत राहिलो. दुसऱ्यांदाही हो म्हटलं. मग चावा घ्यायचा दिवस आला. त्यांनी विचारलं, कळवलंस का तिला? मी सांगितलं, कळवलं, तिला वेळ नाही. ते रुमालाआडून म्हणाले, ती असं म्हणणार नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “मग बसा तसेच, बोळके.”

बापाला म्हणालो हे. आणि पाच मिनिटांनी त्याच बापाच्या तोंडात गरम मेणाची पट्टी घातली आणि म्हटलं, तोंड मिटा.

मिटलं त्यांनी. दात असते तर माझं बोट तुटलं असतं. खालचा जबडा चांगला जवभर पुढे आला होता. ही खरी गोष्ट आहे जी मी तीन पत्रांत लिहू शकलो नाही. मला तो पुढे आलेला दिसला होता. शिकाऊ पोरालाही दिसला असता. पण पुन्हा घेऊ म्हटलं असतं तर पुन्हा तुझं नाव निघालं असतं. म्हणून मी तोच चावा साचे बसवायच्या बिजागरीवर चढवला आणि त्याच्यावर दात रोवले. कवळी अशी झाली आहे की बाबा रागात असले की झकास बसते. परवा ती घालून पेपरवाल्याशी भांडले, तेव्हा एक दात हलला नाही. जेवायला बसले की मागून उचकटते आणि हिरडीला चावते. तिसरा निरोप कवळी बसवली त्याच दिवशी दिला त्यांनी. मी तुला लिहिलं, चपखल बसली.

तुझी डबी मी ती आली त्याच दिवशी उघडली होती. दात पाहिले आणि मला बाबांचं तोंड दिसलं, जसं होतं तसं. इतका राग आला की डबी खणात तळाशी टाकली.

तू ये. मी काही बोलणार नाही. त्यांना दिवसभरात वाटीभर पाव जातोय. तू चावा घे, कवळी कर, मी बाहेरच्या बाकावर बसेन. त्यांना खरंच तूच हवी आहेस. मला हे कळायला त्यांच्या पत्राची गरज नव्हती.

दादा


१३ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचून आधी मी तुला इतक्या शिव्या दिल्या की हाताखालच्या मुली हातातलं काम टाकून बघायला लागल्या. मग पुन्हा वाचलं. शीळ घालत होतास म्हणे. निर्लज्जा.

मी येत नाहीये. का ते सांगते, पण त्याआधी दुसरं. मामांनी मला लिहिलं, त्याला कळू देऊ नकोस. मी कळू देतेय. तू बाहेर बसावंस असं त्यांना वाटतं ते तुझ्या हातामुळे नाही. त्यांना तुझ्यापुढे बोळकं उघडायची लाज वाटते. तुला त्यांनी स्टुलावर उभं करून दात घासायला शिकवलं, आता त्याच पोराला हे कसं दाखवायचं, असं लिहिलंय. माझ्यापुढे चालतं, कारण मी पोटची नाही. शब्द त्यांचेच आहेत. रुमाल तुझ्यावर रागावून नाही धरलेला, दादा.

हाताचं म्हणशील तर चाव्यात माझा हात तुझ्यापेक्षा बरा आहे. पॉलिशमध्ये तुझा. हे तुलाही माहीत आहे आणि मलाही, यात रडण्यासारखं काही नाही.

आता कानशीचं. तू म्हणतोस, माझ्या कामावरून ते बोट फिरवायचे आणि खोक्यात ठेवायचे. बरोबर. आणि तुझं काम हातात आलं की कानस घेऊन तुझ्या शेजारी स्टूल ओढायचे. तासभर. इथे बघ, असं धर, आता तू कर. मी समोरच्या टेबलावरून बघायचे. नऊ वर्षांत एकदाही मामा माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले नाहीत. मी एकदा मुद्दाम एक दात वाकडा रोवला होता. त्यांनी बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, हे तुझं नव्हे, परत कर. उभ्याउभ्याच गेले.

लोक आले की ओळख कशी करून द्यायचे आठवतं? हा आमचा मुलगा. ही भाची, हिचा हात फार चांगला. तू ते ऐकून दात-ओठ खायचास. मला मात्र वाटायचं, उद्या माझा हात बिघडला तर मी या घरात कोण? तू शंभर कवळ्या बिघडवल्या असत्यास तरी मुलगाच राहिला असतास. मला तुझा हेवा वाटायचा, अजून वाटतो. म्हणून तर निघून आले. वर्कशॉप वगैरे नंतरचं.

आता का येत नाही ते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी तिकीट काढलं. बॅग भरायला घेतली आणि थोड्या वेळाने लक्षात आलं की मी गुणगुणतेय. मामा सहा किलोने उतरलेत आणि मी साड्या घड्या करत गुणगुणतेय. पलंगावर बसले आणि स्वतःलाच विचारलं, बाई, तू कुठे निघालीस? मामांना खायला घालायला नव्हते निघाले मी. अकरा वर्षांनी त्यांनी बोलावलं होतं, तू बाहेरच्या बाकावर बसणार होतास, ते बघायला निघाले होते. तिथेच बसून तिकीट रद्द केलं. अशा मनाने चावा घेतला असता तर माझाही चुकलाच असता. फक्त मला तो दिसला नसता, तुला निदान दिसला.

तेव्हा तू घे. जा आणि मला जे लिहिलंस ते त्यांना सांग. शीळ नाही सांगितलीस तरी चालेल.

पण मामांचं पोट आपल्या दोघांच्या मानापमानापेक्षा मोठं आहे. या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत ते घास चावून खात नसतील तर मी पुढच्या गाडीने येते, मग माझ्या मनात काहीही असो.

चिमटी


३० एप्रिल

प्रिय चिमटे,

आज तीस तारीख. तिकीट काढू नकोस.

तुझं पत्र आल्यावर मी चार दिवस काही केलं नाही. रोज त्यांच्या दारापर्यंत जायचो आणि पाण्याचा ग्लास बदलून परत यायचो. पाचव्या दिवशी तुझी वहिनी म्हणाली, त्या ग्लासात आता मासे सोडा. मग आत गेलो आणि दार लावून घेतलं.

बाबांनी सवयीने रुमाल वर घेतला. मी उभाच होतो. म्हटलं, तिला वेळ नाही असं ती म्हणाली नव्हती. मी तिला कळवलंच नाही. तिन्ही वेळा. मला तिचा हेवा वाटतो म्हणून. आणि तुमचा चावा पुढे आला होता ते मला दिसलं होतं. एका दमात बोललो आणि मग जमिनीकडे बघत राहिलो.

रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला. मग बाबा म्हणाले, “तीन महिने मी त्या पोरीला मनातल्या मनात कृतघ्न म्हणत होतो.” आवाज असा होता की मला वाटलं आता उठून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो की कवळी भांडणात चांगली बसते, तेव्हा रोज जेवायच्या आधी मी तुमच्याशी दहा मिनिटं भांडत जाईन, म्हणजे घास तरी जाईल.

चिमटे, ते हसले. आधी रुमालातच हसले, खांदे हलत होते. मग रुमाल मांडीवर पडला आणि मी बाबांचं तोंड पाहिलं. मला वाटलं होतं मला कसंतरी होईल. झालं नाही. ते हुबेहूब आजीसारखे दिसत होते. मी तसं म्हणालोही. त्यावर आणखी हसले आणि डोळे पुसत सांगायला लागले की आजीचा शेवटचा दात कसा पावात अडकून निघाला आणि तिने तो सापडेपर्यंत कोणाला टेबलावरून उठू दिलं नव्हतं.

मला एवढंच कळत होतं की हे हसणं मावळायच्या आत मेण हवं. धावत बाहेर गेलो. पट्टी गरम केली. परत आलो तेव्हा ते अजून आजीच्याच गोष्टीत होते. मी पट्टी आत ठेवली. मिटा म्हटलंच नाही. विचारलं, मग आजी काय म्हणाली? त्यांना बोलता येईना, त्यांनी आवंढा गिळला आणि जबडा आपसूक मागे जाऊन मिटला. तोंडात मेण असतानाच त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला समजलं, मी काय केलं ते त्यांच्या लक्षात आलंय. शेवटी ते शिकवणारे आहेत.

मेण काढल्यावर त्यांनी विचारलं, आता तिला बोलावणार का? मी म्हटलं, ती यायला तयार होती, नको म्हणतेय. का नको म्हणतेस ते तुझ्या शब्दांत सांगितलं, स्टूल ओढून बसण्याचं पण. ते म्हणाले, मला वाटायचं तिला गरज नाही. त्या दिवशी तुला फोन करायला म्हणून दोनदा उठले आणि दोनदा परत बसले. फोन येईल तेव्हा फसफस ऐकून घे.

तुझे दात खणातून काढले आणि तेच बसवले, पिवळ्या सुळ्यासकट. रोवताना मला अधूनमधून जळायला होत होतं, कारण रंग खरंच इतका अचूक आहे. कबूल केलं की हेवा जातो असं मला वाटलं होतं. गेला नाही. येतो, बसतो, मी त्याला बघतो आणि काम करत राहतो. पूर्वी तो आला की मी त्याला ‘बाबांचा राग’ म्हणायचो नाहीतर ‘कामाची गर्दी’. आता निदान नाव माहीत आहे.

परवा कवळी बसवली. काल सकाळी बाबा खोलीतून बाहेर आले, आमच्यात टेबलाशी बसले, रुमाल न घेता, आणि टोस्ट घेतला. चहात बुडवला नाही. तुझ्या वहिनीने आवाज ऐकून स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. दोन टोस्ट खाल्ले आणि तिसरा मागितला. डॉक्टर वर येऊन बघून गेले, म्हणाले महिन्याभरात वजन चढेल.

तिसरा टोस्ट खाता खाता बाबांनी तुला निरोप दिला. मी दिवसभर तो मनात घोळवला. दोनदा वाटलं, अर्धाच लिहावा. शेवटी जसाच्या तसा देतोय, एक शब्द न गाळता. “तिला कळव, कवळी चांगली झालीय. तिने केली असती तर आणखी चांगली झाली असती.”

दादा